जीपला दुसरं इंजिन बसवताय? पाण्याचा रस्ता आधी ठरवा!

जुन्नर (तालुका वार्ताहर) : आपल्या तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात डांबरी संपली की पुढं जुन्या जीपचंच राज्य असतं. हिरड्याची पोती, भाताचं बियाणं, दुधाचे कॅन, बाजाराला निघालेली माणसं आणि वेळप्रसंगी दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं त्याच गाडीतून खाली येतं. या गाड्यांची चासी आणि बॉडी अजून दणकट आहे, पण मूळचं इंजिन थकलेलं असतं. मग मालक दुसरं इंजिन बसवतो. जुन्या पेट्रोल जीपमधलं २.२ लिटरचं हरिकेन इंजिन काढून त्या जागी महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय किंवा २११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन टाकायचं, हा गॅरेजवाल्यांच्या ओळखीचा प्रकार आहे.

इंजिन बसतं, गिअर पडतो, गाडी गावात दोन चकरा मारते. मालक खूश. मग एक दिवस माल भरून गाडी माळशेजच्या नाहीतर आणे घाटाच्या चढाला लागते आणि अर्ध्यात काटा लाल पट्ट्यात जातो. बोनेटमधून वाफ, खाली पाण्याचा ओघळ. "इंजिनच बेकार दिलं राव" म्हणून विकणाऱ्याला शिव्या बसतात. रेडिएटर मोठा केला जातो, दुसरा पंखा लावला जातो, थर्मोस्टॅट काढून फेकला जातो. तरी गाडी गरमच.

अशा वेळी इंजिन ठीक असतं आणि रेडिएटरही ठीक असतो, पण या दोघांमधले होस पाईप चुकीच्या रस्त्यानं गेलेले असतात, असं बऱ्याचदा दिसतं. कारण सरळ आहे. इंजिन बदलताना सगळं लक्ष फाउंडेशन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि सायलेन्सरवर असतं. होस शेवटच्या दिवशी, दुकानात जो मिळेल तो वाकवून लावला जातो. खरं तर हे उलटं पाहिजे. पाण्याचा रस्ता आधी ठरवायचा आणि मग इंजिन कायमचं टेकवायचं. ज्यानं विहिरीवरून शेतात पाइपलाइन नेली आहे, त्याला यातली प्रत्येक गोष्ट पटकन कळेल. शास्त्र तेच आहे.

पाणी फिरतं कसं?

डिझेल जळून जी उष्णता तयार होते, तिचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. रेडिएटरच्या खालच्या टाकीतलं थंड पाणी खालच्या होसमधून वॉटर पंप ओढतो. ते पाणी ब्लॉकमध्ये शिरतं, सिलिंडरांभोवती फिरतं आणि वर हेडमध्ये जातं. हेडच्या तोंडाशी थर्मोस्टॅट असतो. पाणी पुरेसं तापलं की तो उघडतो. बऱ्याच इंजिनांत हे ८२ अंशांच्या आसपास सुरू होतं. मग गरम पाणी वरच्या होसमधून रेडिएटरच्या वरच्या टाकीत येतं, जाळीतून खाली उतरताना थंड होतं आणि पुन्हा पंपाकडं जातं.

म्हणजे खालचा होस हा आपल्या मोटारीचा सक्शन आणि वरचा होस म्हणजे डिलिव्हरी. सक्शनला हवा लागली किंवा पाईप चेपला तर मोटार कितीही मोठी असो, पाणी येत नाही. डिलिव्हरीच्या पाइपलाइनला मधे उंचवटा असेल तर तिथं हवा अडकते, म्हणून आपण एअर व्हॉल्व्ह लावतो. जीपमध्ये याच दोन गोष्टी नडतात.

इंजिन टेकवण्याआधी काय बघायचं?

कंपनीतून आलेल्या गाडीत रेडिएटरच्या नळ्यांची तोंडं त्याच इंजिनासाठी केलेली असतात. दुसरं इंजिन आलं की हे गणित मोडतं. नव्या इंजिनाचं वरचं तोंड डावीकडं आणि रेडिएटरचं उजवीकडं, असं होऊ शकतं. एकाची नळी जाड, दुसऱ्याची बारीक. डिझेल इंजिन उंच आणि लांब असलं तर पंखा थेट जाळीला भिडायला येतो.

म्हणून इंजिन साखळीवर लटकत असतानाच, फाउंडेशनची पट्टी पक्की वेल्डिंग करायच्या आधी, रेडिएटर त्याच्या जागी उभा करा. मग चार गोष्टी मोजा. इंजिनचं पाणी बाहेर पडायचं तोंड उंच आहे की रेडिएटरची वरची टाकी? दोन्ही तोंडं कोणत्या बाजूला आहेत? नळ्यांचा बाहेरचा व्यास किती? पंखा आणि जाळी यांत अंतर किती उरतं? या टप्प्यावर इंजिन दोन बोटं मागं किंवा खाली घेणं सोपं असतं. वेल्डिंग झाल्यावर तेच काम दोन दिवसांचं होतं.

होसचा आकार ठरवायला साधी युक्ती आहे. तीन-चार मिलिमीटरची जाड तार घ्या. एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत, पंखा, बेल्ट आणि सायलेन्सर टाळून, ती मोकळ्या वळणात वाकवा. ती तार घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात जा. तिथं वेगवेगळ्या गाड्यांचे साच्यातले वळणदार होस टांगलेले असतात. तारेच्या वळणाला जुळणारा होस शोधा. तो कोणत्या गाडीचा आहे याला महत्त्व नाही. वळण आणि दोन्ही टोकांचा आतला व्यास जुळला पाहिजे. लांब असेल तर कापता येतो. निवडलेल्या होसच्या गाडीचं नाव आणि पार्ट नंबर डायरीत लिहून ठेवा. उद्या रस्त्यात फुटला तर तोच मागता येईल.

तोंडं जुळत नाहीत तेव्हा

सरळ होस जबरदस्तीनं वाकवला की आतल्या बाजूला त्याला घडी पडते. बाहेरून फक्त सुरकुती दिसते, पण आत पाण्याचा रस्ता अर्धा बंद झालेला असतो. शेतात सपाट पाईपला पीळ पडला की पुढं पाणी कसं बारीक होतं, तसंच. सरळ होस सरळ जागेलाच वापरा. वळण असेल तिथं साच्यातला वळणदार होस लावा.

रस्ता फारच वाकडा असेल तर दोन उपाय आहेत. पहिला, रेडिएटरवाल्याकडून वरच्या किंवा खालच्या टाकीचं तोंड दुसऱ्या बाजूला घ्यायचं. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरमध्ये हे काम झाळून नीट होतं. दुसरा, मधे धातूची नळी वापरायची आणि तिच्या दोन्ही टोकांना रबरी होसचे तुकडे लावायचे. नळी तांबं, पितळ, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमची चालते. घरात पडलेला जीआय पाईप मात्र लावू नका. कूलंटमधल्या ग्लायकॉलचं आणि जीआयवरच्या जस्ताचं जमत नाही. त्यातून गाळ तयार होतो आणि तो जाळीत जाऊन बसतो.

नळीच्या टोकाला बाहेरून गोल उठाव असलाच पाहिजे. रेडिएटरच्या मूळ तोंडाला तो असतो, हात फिरवला की लागतो. होस त्या उठावाच्या पुढं किमान इंचभर आत जावा आणि क्लिप उठावाच्या मागं बसावी. गुळगुळीत नळीवर क्लिप कितीही आवळा, गरम पाण्याच्या दाबानं होस घसरून निघतो. लेथवाल्याकडून किंवा वेल्डिंगवाल्याकडून हा उठाव करून घ्यायला फार वेळ लागत नाही.

व्यास वेगळे असतील तर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला बारीक असा तयार होस मिळतो. ट्यूबची पट्टी गुंडाळून वर मोठा होस चढवणं, हा आपल्याकडचा जुना जुगाड आहे. गावात चालेल, घाटात टिकणार नाही. फवारणी पंपाची नळी, हिरवा सक्शन पाईप, पीव्हीसी पाईप यांचंही तेच. तापलेल्या इंजिनाच्या पाण्यापुढं हे प्लॅस्टिक मऊ पडतं. कूलंटसाठी केलेला, आत दोऱ्याचं विणकाम असलेला रबरी होसच घ्यायचा.

खालचा होस चेपतो कसा?

खालच्या होसमधून पंप पाणी ओढतो. इंजिन जोरात फिरलं की आत ओढ तयार होते आणि जुना, मऊ झालेला होस चपटा होतो. गाडी उभी असताना तो गोल दिसतो, म्हणून दोष सापडत नाही. तपासायचं असेल तर इंजिन गरम झाल्यावर एकाला रेस वाढवायला सांगा आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहून खालच्या होसकडं बघा. हात आत घालू नका, तिथं पंखा आहे. होस आत ओढला जात असेल तर तो बदला. लांब खालच्या होसमध्ये तारेची स्प्रिंग असते, तीही याच कामाला येते. जुन्या होसमधली स्प्रिंग गंजून तुटली असेल तर तुकडे पंपाकडं जातात. तशी स्प्रिंग ठेवू नका.

दुसरी गोष्ट, सक्शनच्या बाजूला क्लिप ढिली असेल तर तिथून पाणी गळेलच असं नाही. चालू इंजिनात तिथून हवा आत ओढली जाऊ शकते. विहिरीवर सक्शनला बारीक चीर पडली की पाणी गळत नाही, पण मोटार पाणी सोडते, तसंच हे. "कुठं गळत नाही, तरी पाणी कमी होतं आणि गरम होते" अशी तक्रार असेल तर खालच्या होसच्या दोन्ही क्लिप आधी बघा.

हवा अडकली की हेड गेलं

सगळ्यात महाग पडणारी गोष्ट ही. पाणी उष्णता वाहून नेतं, हवा आणि वाफ नेत नाही. हेडमध्ये जिथं हवेचा फुगा बसतो, तिथलं लोखंड पाण्याविना तापतं. मग गॅस्केट उडतं, हेड वाकतं, कधी दोन व्हॉल्व्हच्या मधे तडा जातो. होसचा खर्च शेकड्यांत, हेडच्या फेसिंगचा आणि गॅस्केटचा हजारांत, आणि ऐन हंगामात गाडी उभी राहते ते वेगळंच.

मूळ जीपमध्ये रेडिएटरची वरची टाकी सगळ्यात उंच असते, त्यामुळं हवा आपोआप तिकडं जाते आणि टोपीवाटे बाहेर पडते. उंच डिझेल इंजिन टाकलं आणि बोनेट बसावं म्हणून रेडिएटर खाली घेतला, की इंजिनचं तोंड उंच आणि रेडिएटर खाली असं होतं. आता हवा इंजिनातच राहते. तुम्ही टोपीपर्यंत पाणी भरता, ते काठोकाठ दिसतं, आणि हेड मात्र वरून कोरडं असतं.

वरच्या होसला मधे कमान आली तरी हेच होतं. पंखा किंवा बेल्ट चुकवायला होस वर उचलून परत खाली आणला की त्या कमानीत हवा बसते. वरचा होस इंजिनापासून रेडिएटरकडं सतत चढता किंवा निदान सपाट गेला पाहिजे. मधे उंचवटा नको.

रेडिएटर वर घेणं शक्यच नसेल तर वेगळी वरची टाकी बसवावी लागते. ती बोनेटखाली सगळ्यात उंच जागी, फायरवॉलवर लावतात. इंजिनच्या सगळ्यात उंच तोंडापासून एक बारीक नळी या टाकीच्या वरच्या भागात न्यायची, तिच्यातून हवा बाहेर येते. रेडिएटरच्या वरच्या टाकीतूनही तशीच बारीक नळी. टाकीच्या बुडापासून एक जाड नळी खालच्या होसला, म्हणजे पंपाच्या सक्शनला जोडायची, तिच्यातून पाणी परत जातं. दाबाची टोपी आता या टाकीवर येते आणि रेडिएटरला बंद टोपी लागते. बाजूला लटकणारी प्लॅस्टिकची बाटली म्हणजे ही टाकी नव्हे. ती बाटली फक्त उतू गेलेलं पाणी धरून ठेवते, हवा काढत नाही.

एक फसवी गोष्ट लक्षात ठेवा. तापमानाचा काटा पाण्यात बुडालेल्या सेन्सरवर चालतो. सेन्सरच्या जागीच हवा असेल तर काटा खालीच राहतो आणि इंजिन आत भाजत असतं. म्हणून दुसरं इंजिन बसवलेल्या गाडीत नुसत्या काट्यावर विसंबू नका. सेन्सरही त्या मीटरशी जुळणारा हवा. एका गाडीचा मीटर आणि दुसऱ्याचा सेन्सर लावला तर काटा खोटं बोलतो.

होस कुठून न्यायचा, कुठून नाही

आपल्या गाड्या खडकातून, ओढ्यातून आणि करवंदीच्या जाळ्यांतून जातात. म्हणून अंतर शहरातल्या गाडीपेक्षा जास्त ठेवावं लागतं.

पंख्याच्या पात्यापासून होस किमान इंचभर लांब हवा. आणि तो हलून तिकडं जाणार नाही असा बांधलेला हवा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दोन इंच तरी सोडा, जमत नसेल तर मधे पत्र्याचा आडोसा लावा. बेल्ट, स्टीअरिंगचा दांडा आणि बॅटरीची पट्टी यांना होस घासू देऊ नका. घासणाऱ्या रबराला महिन्या-दोन महिन्यांत भोक पडतं. डिझेल पंप आणि फिल्टरच्या बरोबर खालून होस नेऊ नका. तिथून ठिबकणाऱ्या डिझेलनं आणि ऑइलनं हे रबर फुगतं आणि मऊ पडतं.

इंजिन फाउंडेशनच्या रबरावर हलतं, रेडिएटर चासीला घट्ट असतो. हँडब्रेक ओढून रेस मारली की इंजिन एका बाजूला कसं कलतं ते दिसतं. हे हलणं होसनं झेलायचं असतं. दोघांच्या मधे कडक नळी घातली तर रेडिएटरचं तोंड झाळणीतून उचकटतं. म्हणून धातूची नळी वापरली तरी इंजिन आणि रेडिएटर यांच्यामधे दीड-दोन इंच मोकळं रबर राहिलंच पाहिजे.

खालचा होस चासीच्या खाली लोंबता कामा नये, दगड बसतो. पुढचा एक्सल पाट्यांवर वर-खाली होतो, तेही बघायचं. एका बाजूला जॅक लावून चाक उचला आणि एक्सल पूर्ण वर आल्यावर होसला भिडतो का ते डोळ्यानं बघा. सपाट जमिनीवर मोकळी दिसणारी जागा खडकावर राहत नाही.

बायपास, हीटर आणि थर्मोस्टॅट

इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो. तेव्हाही पाणी आतल्या आत फिरावं म्हणून एक छोटी बायपासची नळी असते. "ही कशाला पाहिजे" म्हणून ती बोल्ट ठोकून बंद करणारे आहेत. तसं केलं की थंडीत सकाळी चालू केलेल्या इंजिनात पाणी एका जागी थांबतं, एक भाग तापतो, दुसरा थंड राहतो. बायपास जसा आहे तसा जोडा.

आपल्या जीपला हीटर नसतो, पण आणलेल्या इंजिनाला हीटरची दोन बारीक तोंडं असू शकतात. ती कुठं जातात ते त्या इंजिनाच्या मूळ गाडीत बघा. कूलंटच्याच बारीक होसनं दोन्ही तोंडं एकमेकांना जोडणं बहुतेक वेळा सोयीचं पडतं. रबरी बूच आणि क्लिप लावली तर ते बूच कधीतरी सुटणार हे धरून चाला.

थर्मोस्टॅट काढून टाकला की गाडी थंड चालते, असा पक्का समज आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातं आणि चढाला गाडी जास्त तापते. सपाटीला मात्र इंजिन कायम थंड राहतं, डिझेल जास्त लागतं आणि सिलिंडर लवकर झिजतात. चांगला थर्मोस्टॅट गरम पाण्याच्या पातेल्यात सोडून उघडतो का ते बघता येतं. त्याला बारीक भोक किंवा हलती पिन असेल तर ती वरच्या बाजूला ठेवून बसवा, तिथून हवा निघते.

टोपी छोटी, काम मोठं

समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं, आपल्या उंचीवर दोन-तीन अंश आधीच. टोपी दाब धरते म्हणून ते उशिरा उकळतं. ०.९ बारच्या टोपीखाली साधं पाणी ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट मिसळला की आणखी वर. टोपीचं रबर फाटलं की हा सगळा फायदा गेला. पण जुन्या जीपच्या रेडिएटरला नव्या गाडीची जास्त दाबाची टोपी लावली तर जुनी झाळणी आणि होस फुटतात. रेडिएटर जेवढा दाब झेलतो तेवढीच टोपी लावा. रेडिएटरवाला दाब देऊन तपासून देतो.

आणि एक, तापलेली टोपी कधीही उघडू नका. दाब सुटला की आतलं पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. फडकं धरून उघडली तरी भाजतं. इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा, होस हाताला कोमट लागला की मगच.

पाणी भरायची पद्धत

बोअरचं पाणी ओतू नका. ड्रीपच्या नळीला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, नाहीतर तयार मिसळलेलं कूलंट घ्या. कूलंट फक्त थंड मुलखासाठी असतं हे खरं नाही. ते गंज थांबवतं आणि पाणी उशिरा उकळू देतं. ते चवीला गोडसर आणि विषारी असतं, म्हणून काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ किंवा ओढ्यात सोडू नका. जनावर पितं.

गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, म्हणजे रेडिएटर उंच राहील. टोपी काढून बारीक धारेनं भरा, घाईनं ओतलं की हवा कोंडते. हवा काढायचा स्क्रू असेल तर तिथून सलग पाणी येईपर्यंत तो उघडा ठेवा. मग टोपी उघडीच ठेवून इंजिन हळू चालवा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, भरत राहा. वरचा होस एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला असं समजा. पाणी काठाशी उचंबळायच्या आत टोपी लावा. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पातळी बघा, थोडी उतरलेली असणारच. क्लिपही त्याच वेळी पुन्हा आवळा, पहिल्या तापण्यात रबर बसतं.

दोन-तीन दिवस झाले तरी थंड इंजिन चालू करताच बुडबुडे सतत येत असतील, तर मात्र होसचा दोष नाही. सिलिंडरमधला गॅस पाण्यात येतोय, म्हणजे गॅस्केट किंवा हेड बघावं लागेल. भंगार बाजारातून आणलेलं इंजिन असेल तर ते खाली असतानाच वॉटर पंप, थर्मोस्टॅट, ब्लॉकचे पाण्याचे प्लग आणि सगळे होस नवे टाका. नंतर त्या जागी हात पोचत नाही.

घाटात न्यायच्या आधी

पहिल्याच दिवशी माल भरून घाट चढू नका. आधी रिकामी गाडी दहा-पंधरा किलोमीटर, मग अर्धा माल, मग पूर्ण. घाट उतरतानाही लक्ष ठेवा. तोंड खाली झालं की हेडचा मागचा भाग उंच होतो आणि उरलेली हवा तिकडं सरकते. उतार संपल्यावर काटा अचानक चढला तर हवा अजून आत आहे असं समजा. गाडी तापायला लागली तर एकदम बंद न करता बाजूला घेऊन दोन-तीन मिनिटं हळू चालू ठेवा. पाणी बाहेर पडलं असेल किंवा बेल्ट तुटला असेल तर मात्र लगेच बंद. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

कागदाचंही बघा

इंजिनचा नंबर आरसी बुकात असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. इंजिन बदललं तर १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. वेगळ्या जातीचं किंवा वेगळ्या इंधनाचं इंजिन टाकायचं असेल तर खर्च करण्याआधीच आरटीओत जाऊन मंजुरी मिळते का ते विचारा. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला, तर विमा कंपनी पहिल्यांदा हाच कागद मागते. इंजिन विकणाऱ्याकडून बिल आणि जुन्या गाडीचे कागद घ्यायला विसरू नका.

मेकॅनिकला दाखवायची यादी

१. रेडिएटरची वरची टाकी इंजिनच्या तोंडापेक्षा उंच आहे का? नसेल तर वेगळी वरची टाकी आहे का?
२. वरच्या होसला मधे कमान नाही ना?
३. खालचा होस रेस मारल्यावर चेपत नाही ना?
४. प्रत्येक नळीच्या टोकाला उठाव आणि त्यामागं क्लिप आहे का?
५. पंखा, मॅनिफोल्ड, बेल्ट, स्टीअरिंग आणि एक्सल यांपासून होस मोकळा आहे का?
६. बायपास आणि थर्मोस्टॅट जागेवर आहेत का?
७. सेन्सर आणि मीटर एकमेकांशी जुळतात का?
८. टोपीचा दाब रेडिएटरला झेपणारा आहे का?

या आठ गोष्टींना मेकॅनिकनं "हो" म्हटलं आणि तुम्ही स्वतः डोळ्यानं पाहिलं, की मगच गाडीत माल आणि माणसं भरा. एक जादा वरचा होस, एक खालचा होस, चार क्लिपा, पाच लिटर पाणी आणि स्क्रू ड्रायव्हर सीटखाली कायम असू द्या. वाडीवरून खाली येताना रस्त्यात गॅरेज नाही आणि सगळीकडं मोबाइलला रेंजही नाही.